टीडीएस अडतीस आणि काळा स्पन

अमेरिकेतल्या त्या भगव्या नदीचा व्हिडिओ पावसाळा आला की कुणी ना कुणी मला पाठवतोच. मी पाण्याचे फिल्टर बसवतो, दुरुस्त करतो. त्यामुळं पाण्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर जे काही फिरतं ते फिरून फिरून शेवटी माझ्याकडं येतं. व्हिडिओ खोटा नाही. 5 ऑगस्ट 2015 ला कोलोरॅडोत गोल्ड किंग नावाच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत तुंबलेलं पाणी फुटलं, 1 कोटी लिटरच्या वर पाणी खाली अ‍ॅनिमस नदीत गेलं आणि नदीचा रंग पार बदलला. गंमत म्हणजे (गंमत कसली!) तिथल्या सरकारच्या पर्यावरण खात्याचीच माणसं खाणीचं तोंड मोकळं करत होती, तेव्हा हे झालं. व्हिडिओखालचा प्रश्न ठरलेला: आपल्याकडं पण बंद खाणी हायेत की, आपल्याकडं असं होईल काय?

होणार नाही. भगवं तरी होणार नाही. पण म्हणून निवांत बसावं असंही नाही. का, ते फोनवर सांगून संपत नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी खानापूरचा. कामाचा पट्टा म्हणजे एकीकडं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटापर्यंत, आणि दुसरीकडं लोंढा, रामनगर, जगलबेट. बैलहोंगलकडची माणसं बोअरच्या पाण्याला कंटाळलेली असतात. घागरीला पांढरा थर, डाळ शिजत नाही. आमच्या डोंगरात तसलं काही नाही. वरच्या झऱ्याला काळा पाईप लावायचा, उतारानं पाणी घरी. मोटर नको, वीजबिल नको. मीटर बुडवला की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा, 30, 40, फार तर 60. गिऱ्हाईक खूश, आणि खरं सांगायचं तर आम्ही पण खूश.

आधी ती भगवी भानगड सांगतो. काही दगडांत पायराइट असतं: लोखंड आणि गंधक एकत्र बांधलेलं, सोन्यासारखं चमकतं. जमिनीखाली, हवा न लागता, ते लाखो वर्षं गप्प पडून असतं. खाण खणली की त्याला हवा मिळते आणि पाणी मिळतं, आणि त्यातून गंधकाम्ल तयार होतं, म्हणजे बॅटरीत असतं ते अ‍ॅसिड. त्यात काही जिवाणू असे आहेत की ज्यांचं पोटच या लोखंडावर चालतं. ते हा सगळा प्रकार कैक पटीनं वाढवतात. पाणी आंबट झालं की दगडातलं तांबं, जस्त, कॅडमियम, जे असेल ते विरघळून बाहेर पडतं. खाण चालू असेतोवर पंप पाणी उपसत असतो, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही. खाण तोट्यात गेली, पंप थांबला की पाणी बोगद्यांतून वर चढत येतं आणि वर्षानुवर्षं साठलेले क्षार एका दमात धुऊन आणतं. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला व्हील जेन म्हणून कथिलाची खाण होती. 1991 मध्ये बंद झाली, पंप थांबले, आणि जानेवारी 1992 मध्ये पाणी फुटून खाडीत गेलं. आपल्या देशात बघायचं असेल तर मेघालयातल्या जैंतिया टेकड्या. तिथल्या कोळशात गंधक भरपूर. सोडून दिलेल्या, उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यानं ओढे आंबट झाले, मासे गेले. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल 2014 मध्ये तसल्या खाणींवर बंदी घातली. कोळसा काढायला बंदी घालता येते, बिळातून पाणी यायला कोण बंदी घालणार?

आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट: खाणीच्या तोंडाशी हे आंबट पाणी पुष्कळदा नितळ असतं. लोखंड विरघळलेलं असतं, दिसत नाही. खाली आल्यावर हवा लागते, दुसरं चांगलं पाणी मिसळतं, तेव्हा ते गंजून खाली बसतं आणि रंग येतो. म्हणजे ज्या ठिकाणी ओढा भगवा दिसतो, तिथं निदान थोडं विष तरी पाण्यातून बाहेर पडलेलं असतं.

आता आपला डोंगर. बेळगावच्या पश्चिमेला बोकनूर-नावगेची टेकडी घ्या, पलीकडं चंदगडातला कासारसडा घ्या, बॉक्साइट. जोयडा तालुक्यात मँगनीज. घाटाखाली गोव्यात लोहखनिज. हे सगळे पावसानं युगानुयुगं धुतलेले दगड. जांभा म्हणजे तरी काय, विरघळण्यासारखं सगळं वाहून गेल्यावर उरलेलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. गंधक त्यात जवळजवळ नसतंच. त्यामुळं अ‍ॅसिड बनायला मालच नाही. (चित्रदुर्गजवळ इंगळधाळला तांब्याची खाण होती, तिथला दगड गंधकाचा, तिथली गोष्ट वेगळी.) जांबोटीच्या रस्त्यावर कडेच्या चरात तांबूस शेंबडासारखं काही आणि त्यावर तेलाचा तवंग दिसतो, लोक त्याचे फोटो पाठवतात, "खाणीचं केमिकल बघा." ते केमिकल नसतं. काडीनं डिवचून बघा. तेल असेल तर तवंग परत जुळून येतो. जिवाणूंचा असेल तर काचेचे तुकडे पडावेत तसा फुटतो आणि फुटलेलाच राहतो. मी बघितलेले सगळे फुटलेले.

आपल्याकडं खाणीच्या मागं राहतं ते एक म्हणजे चिखल. गोव्यात एक टन खनिजामागं दोन ते तीन टन माती-दगड काढून बाजूला ढीग लावलेले आहेत, आणि आमच्याकडचा पाऊस काही बेळगाव शहरातला पाऊस नव्हे. जुलै 2021 मध्ये दोडामार्गातल्या कळण्यात खाणीतलं पाणी आणि चिखल खालच्या वस्तीत आणि बागांत घुसला, ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. चिखल दिसतो, म्हणून त्याच्यावर आंदोलनं होतात, पंचनामे होतात. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

जे दिसत नाही ते मँगनीज.

जोयडा तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथं दोन होमस्टे आहेत आणि त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. एका घरून फोन आला. बेळगावच्या एका कंपनीच्या सेल्समननं हप्त्यावर फिल्टर दिलेला, महिना झाला नाही तोवर पाणी यायचं बंद. वहिनी आधीच वैतागलेल्या. "भाऊ, मशीन खराब दिलंय का पाणी खराब हाय, एकदा काय ते सांगून टाका." मीटर बुडवला. 38. इतकं हलकं पाणी की त्याला आरओ लावायचीच गरज नाही. बाहेरचा प्री-फिल्टर उघडला तर आतला स्पन, म्हणजे गाळ अडवणारी नळकांडी, जी पांढरी असते आणि आमच्या भागात सहसा तांबडी होते, तो काळाकुट्ट. वरवर नाही. ब्लेडनं उभा चिरला तर आतपर्यंत काळा, आणि बोटाला मऊ, चिकट लागणारा. टाकीत हात घालून तळ खरवडला, तिथंही तेच.

वहिनींनी पोराचा शाळेचा शर्ट आणून दाखवला. पांढऱ्या शर्टावर तपकिरी-काळे ठिपके, साबणानं जाईनात. त्यांच्या मते ब्लिचिंग पावडरीमुळं. पंचायतीचा माणूस टाकीत पावडर टाकून गेला की दुसऱ्या दिवशी पाणी चहाच्या रंगाचं होतं, म्हणून गावानं पावडर टाकू देणंच बंद केलं होतं. निरीक्षण अगदी बरोबर. क्लोरीन लागलं की पाण्यात विरघळलेलं मँगनीज काळं होऊन बाहेर पडतं. पावडर बिचारी लपलेलं उघडं करते आणि शिव्या खाते. पण पावडर बंद केल्यावर जंतूंचं काय?

लोखंड असेल का म्हणून मी आधी हिरड्याची पूड मागितली. आमच्याकडं परसात हिरडा असतोच. लोखंडाच्या पाण्यात चिमूटभर टाकली की पाणी शाईसारखं निळसर काळं होतं. जुन्या काळी शाई तशीच करायचे. इथं काही झालं नाही. चहाही झकास झाला, लोखंडाच्या पाण्याचा चहा काळपट पडतो तसा पडला नाही. मग स्पनवरचं काळं थोडं खरवडून तव्यावर चांगलं तापवलं आणि माझ्या पेटीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड, मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते, दोन थेंब टाकलं. फसफसून फेस आला. तव्यावर तापवायचं कारण असं की शेवाळ-बुरशी असली तरी पेरॉक्साइडचा फेस येतो. भाजल्यावर त्यांचा जोर जातो, मँगनीजचा जात नाही. ही काही लॅब टेस्ट नव्हे, पण कुठली टेस्ट करायला पाहिजे एवढं कळतं.

पाईप कुठून येतो ते बघायला वहिनींचे सासरे बरोबर आले. पाईप येतो त्या डोंगरावर मँगनीजची बंद पडलेली खाण आहे, तरुणपणी त्यांनी तिथं काम केलेलं. दांडेलीत तेव्हा फेरोमँगनीजची भट्टी होती, आमच्या डोंगरातला दगड तिकडं जायचा. म्हातारा चढाला माझ्या पुढं. ओहोळातून वर जाताना मी दगड उलटे करून बघत होतो. घराजवळचे दगड वरून काळे, नखानं खरवडलं तर आतून मूळचा करडा रंग. जसजसं वर गेलो तसा काळा थर पातळ होत गेला, आणि खाणीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याला जिथं पाणी पाझरून बाहेर पडतं तिथं दगड स्वच्छ. पाणी असं नितळ की ओंजळीनं प्यावंसं वाटेल. पाईपचं तोंड तिथंच लावलेलं. गावानं सगळ्यात स्वच्छ जागा निवडली होती, त्यांच्या जागी मीही तीच निवडली असती.

"इथं बारा म्हैने पाणी असतंय," आजोबा म्हणाले. "खाण व्हायच्या आदी इथं झरा नव्हता."

वर खड्डा. पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेला, निम्म्याच्या वर पाण्यानं भरलेला, कडेनं बाभळीसारखी ऑस्ट्रेलियन अकेशिया वाढलेली, तिचा पालापाचोळा वर्षानुवर्षं पाण्यात. माझी समजूत अशी: उन्हाळ्यात वरचं पाणी तापून वरच राहतं, तळाचं थंड पाणी खालीच. तळाला हवा पोचत नाही आणि कुजणारा पाला असेल नसेल तेवढा प्राणवायू खाऊन टाकतो. प्राणवायू संपला की तिथले जिवाणू खनिजातलाच प्राणवायू ओढून घेतात, आणि तो निघून गेला की मँगनीज विरघळतं. रंग नाही, वास नाही. तेच पाणी फटींतून, ढिगाऱ्यातून खाली पाझरतं. लोखंडही सुटत असेल, पण लोखंड हवा लागताच गंजून खाली बसतं. मँगनीज हट्टी. हवेनं लगेच हलत नाही, बरंच अंतर विरघळलेलं येतं आणि मग दगडावर, पाईपमध्ये, टाकीत, शर्टावर बसतं.

पाण्याच्या भारतीय मानकात मँगनीज 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं, दुसरा पर्यायच नसेल तर 0.3. आता माझ्या मीटरची गोष्ट. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज सांगतो. त्यात समजा 1 मिलिग्रॅम मँगनीज असेल, म्हणजे मर्यादेच्या दहापट, तर मीटरवर फरक पडेल एक-दोन आकड्यांचा. 38 च्या जागी 40. कोण बघणार? आणि त्याच मीटरवर आमचा सगळा धंदा चालतो.

धंद्याचा विषय निघालाय तर तो सळ्यांचा खेळही सांगून टाकतो. सेल्समन घरी येतो, दोन ग्लास मांडतो, एकात तुमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत सळ्या बुडवून वीज सोडतो. तुमचं पाणी बघता बघता तपकिरी, त्याचं जसंच्या तसं. घरातली बाई घाबरते, सही करते. ती घाण पाण्यातली नसते हो, त्या लोखंडी सळीचा गंज असतो. पाण्यात क्षार जास्त असतील तर वीज जास्त वाहते, सळी जास्त झिजते, एवढंच. वहिनींच्या घरी हा खेळ उलटा झाला होता. इतकं हलकं पाणी की सळ्या टाकूनही काही होईना, तेव्हा सेल्समन म्हणाला, "बघा ताई, एवढं चांगलं पाणी आहे, म्हणून मशीन जास्त वर्षं टिकेल." तेही विकलं! मँगनीजनं मेंब्रेन, म्हणजे मशीनमधला पाणी गाळायचा पडदा, महिन्यात बुजलं. आरओतून मँगनीज गाळलं जातं, नाही असं नाही, पण गाळता गाळता तोच मरतो.

मुलांच्या बाबतीत सांभाळायला पाहिजे. मँगनीज शरीराला थोडं लागतं, पण पाण्यातून वर्षानुवर्षं जास्त गेलं तर मेंदूवर, मज्जासंस्थेवर परिणाम होतो, आणि बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळांना धोका जास्त. पावडरीचं दूध याच पाण्यात कालवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं म्हणून 2021 मध्ये आपली मर्यादा 0.08 वर आणली.

मग तपासणी. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवलंय, किट दिलंय, आणि काही गावांत त्या खरंच मनापासून करतात. मी ज्या किट बघितल्या त्यांत लोह, फ्लोराइड, नायट्रेट, क्लोराइड होतं, मँगनीजची बाटली नव्हती. म्हणून नमुना लॅबला. जोयड्याचा नमुना म्हणजे जिल्हा कारवार, घाट उतरून. आम्ही बेळगावला एका खाजगी लॅबमध्ये दिला. इथं एक गोष्ट लिहून ठेवा: धातू तपासायचे असतील तर लॅबकडून आधी नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब घातलेली बाटली मागून घ्यायची. साध्या बिसलेरीच्या बाटलीतून नेलं तर लॅबला पोचेपर्यंत मँगनीज बाटलीच्या आतल्या बाजूला आणि तळाला बसतं, वरचं नितळ पाणी तपासलं जातं आणि कागद येतो: सगळं मर्यादेत. गावाकडं असा एक जुना कागद होताच, कन्नडमध्ये, शिक्क्यानिशी. पोराकडून वाचून घेतला, सगळं मर्यादेत. आमचा आलेला कागद मात्र 0.3 च्याही वरचा.

कागद घेऊन जायचं कुणाकडं, हा पुढचा प्रश्न. खाण बंद करताना काय काय निस्तरायचं याचा आराखडा आपल्याकडं कायद्यानं सक्तीचा झाला 2003 मध्ये. त्याच्या आधी जे टाळं लावून गेले ते गेले. 2015 च्या कायद्यानं जिल्हा खनिज निधी आला, पिण्याचं पाणी त्यात अग्रक्रमानं आहे, पण तो निधी चालू खाणींच्या पैशातून भरतो. ज्या तालुक्यात खाणीच मेलेल्या, तिथं भरणार कोण? म्हादईवर तीन राज्यांनी लवादापुढं वर्षानुवर्षं भांडून 2018 ला निकाल मिळवला, कर्नाटकाला 13.42 टीएमसी, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. टीएमसी आता आमच्या पोरांनाही पाठ आहे. मिलिग्रॅमवर भांडायला एक वकील मिळत नाही.

उपाय आहेत, आणि महाग नाहीत. मँगनीज काढायला फिल्टरमध्ये जी काळी खडी भरतात तीच मुळी मँगनीज डायऑक्साइडची असते. म्हणजे त्याच खाणीतून निघालेला दगड पाण्यातलं मँगनीज स्वतःवर ओढून धरतो. आधी थोडं क्लोरीन द्यायचं, मग या खडीतून पाणी सोडायचं, आठवड्याला उलटं पाणी मारून धुवायचं. गावाच्या टाकीला एक बसवला तर घरोघरी आरओ नको आणि ब्लिचिंग पावडरही सुरू ठेवता येईल. पण धुवायचं कोण, खडी बदलायची कोणी, यावर पंचायतीत दोन बैठका गेल्या.

आजोबांचं म्हणणं सरळ. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, जिथं कधी खणलं नाही, तिथं एक बारकी झर आहे, तिथून पाईप आणा. पाणी कमी पण निर्धोक. हेच सगळ्यात शहाणपणाचं. अडचण अशी की ती झर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, पाईप टाकायला वनखात्याची परवानगी लागते. खाण होती तेव्हा डोंगर फोडायला परवानगी मिळाली होती, असं एकजण बैठकीत म्हणाला आणि सगळे हसले. अर्ज दिलाय. तोवर पिण्याचं पाणी खालच्या विहिरीचं शेंदून, आणि पाईपचं पाणी भांडी-कपड्यांना. पांढरे कपडे सोडून.

दुसरा नमुना एप्रिलअखेरीस घेणार. तेव्हा ओहोळात पावसाचं पाणी नसतं, जे येतं ते खड्ड्यातलंच, म्हणजे खरा आकडा तेव्हा कळेल. वहिनींनी विचारलंय, मशीन बंद पडून आहे तर उरलेले हप्ते भरायचे काय. सेल्समन फोन उचलत नाही. मी म्हटलं स्पन फेकू नका, चिरलेला तसाच पिशवीत घालून ठेवा, आणि लॅबच्या कागदाची झेरॉक्स जोडून कंपनीला रजिस्टर पत्र पाठवू. पत्र मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.